गुंतवळ

"केसवर भांडे ले वं माय, केसवर भांडे!"

गल्लीच्या तोंडाशी उठलेली ही हाक दीपमालाने जन्मभर ऐकली होती. दुपारच्या मालगाडीसारखी ती ऐकू येत असे आणि ऐकू येत नसे. पण डिसेंबरातल्या त्या रविवारी, न्हाऊन गॅलरीत उन्हाला बसलेली असताना, ती हाक थेट तिच्या हातापर्यंत पोहोचली आणि केसांत उतरलेला कंगवा होता तिथेच थांबला. हवेत मिरचीचा बारीक ठसका होता. गावाबाहेर मैदानांवर लाल मिरची वाळत पडली की नंदुरबारची हवा अशीच दोन-तीन महिने घशाला धरून राहते. खाली, केसांच्या बदल्यात द्यायची स्टीलची भांडी डोक्यावरच्या पाटीत घेतलेली बाई मान वर करून पाहत होती. ती दीपमालाच्या चेहऱ्याकडे पाहत नव्हती. कठड्यावरून बाहेर सोडलेल्या तिच्या ओल्या केसांकडे पाहत होती. बाजार समितीत व्यापारी मिरची तळहातावर घेऊन देठापासून शेंड्यापर्यंत निरखतो, तशी ती नजर केसांच्या मुळापासून टोकापर्यंत गेली आणि सावकाश परत वर आली.

"साठाडेल केस शेतस का बाई काही?" ती हसून म्हणाली, "का आख्खी वेनीच दी टाकस आज?"

थट्टाच होती. अशा थट्टेला गल्लीतली कुठलीही बाई तडकन उत्तर देते. दीपमालाने केस कठड्यावरून आत ओढून घेतले. आख्खी वेणी. जणू कुणी तिच्या मनातला कागद खालच्या रस्त्यावर उभं राहून मोठ्याने वाचला होता.

चार दिवसांनी, गुरुवारी, सुरतेला जायचं होतं. सहा आठवड्यांपूर्वी तिथल्याच इस्पितळात तिचा डावा स्तन काढला होता, आणि आता दर तीन आठवड्यांनी एक अशा केमोच्या सहा खेपा ठरल्या होत्या. तरुण गुजराती डॉक्टरीण समजावताना कागदावर एक वर्तुळ काढी, त्याभोवती दुसरं काढी, आणि दोहोंमधल्या कोऱ्या पट्ट्यावर पेनाचं टोक टेकवून म्हणे, कडा स्वच्छ आल्या आहेत. भूमी अभिलेख कार्यालयात अठरा वर्षं शेतांची मोजणी करणाऱ्या दीपमालाला कडा कळत होत्या. हद्द कायम झाली की दगड रोवायचे, लगतच्या शेतकऱ्यांच्या सह्या घ्यायच्या आणि निघायचं. पण दगड हलतात, हेही तिच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. नांगराच्या एकेका तासाने, एकेका चरीने, वर्षाला चार बोटं. केमो त्या चार बोटांसाठी होती. हे तिला पूर्ण पटलं होतं. मग डॉक्टरीण म्हणाली होती की दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात केस गळतील, क्वचित कुणाचे राहतात, बहुतेकींचे जातात, आणि समोरचा चेहरा उतरलेला पाहून तिने हिंदीत जोडलं होतं, "अरे बेन, बाल तो घर की खेती है." त्यावर दीपमालाचा नवरा चुडामण कितीतरी दिवसांनी मोकळेपणाने हसला होता, म्हणून तीही हसली. घरची शेती. पण पीक निघून गेलेलं रान कसं दिसतं हे डॉक्टरणीला कदाचित माहीत नसावं. दीपमालाने ते उन्हात उभं राहून, यंत्राच्या भिंगातून, इंचाइंचाने पाहिलेलं होतं. कपाशी उपटल्यानंतरचं रान उघडं तर दिसतंच. त्याहून जास्त ते मोजता येण्याजोगं दिसतं. कुठे खळगा आहे, कुठे चढ, कुठे जुन्या बांधाची वीतभर खूण, सगळं काही.

चुडामणला तिने सांगितलं होतं की संक्रांत होऊन जाऊ दे, मग पाहू. डॉक्टरीण म्हणाली होती, हा आठवडा, त्यापलीकडे नको. मोबाइलमध्ये इस्पितळाला पाठवायचा एक संदेश पाच दिवसांपासून लिहून ठेवलेला होता: गुरुवारी येता येणार नाही. तो पाठवायला अंगठा पुरेसा होता, आणि न पाठवायला काय पुरेसं होतं ते तिला उमगत नव्हतं. मरणाची भीती तिने चुडामणजवळ बोलून दाखवली होती, पुण्याला शिकणाऱ्या मुलाजवळही, भाग्येशजवळ, हलक्या शब्दांत. त्या भीतीला मान होता. ती सांगितली की माणसं हात धरत. या दुसऱ्या भीतीला मान नव्हता. ही चव्वेचाळीस वर्षांच्या, नोकरदार, शहाण्या बाईला शोभणारी नव्हती. स्तन गेला तेव्हा ती रडली नाही. तो ब्लाउजच्या आतला तोटा होता, तिच्या आणि आरशाच्या दरम्यान मिटलेला. केस मात्र तिच्याआधी खोलीत शिरत. कार्यालयात, बसस्टँडवर, शेताच्या बांधावर तिची ओळख "ती लांब वेणीवाली मोजणीची बाई" अशी होती. ती वेणी काढून घेतली तर खाली कोण उरतं, हे तिने कधी पाहिलेलंच नव्हतं. न पाहिलेल्या माणसाला वाचवण्यासाठी सहा वेळा सुरतेला जायचं, याला काय अर्थ? हा विचार वेडगळ आहे हे समजूनही तो रोज पहाटे तिच्याआधी जागा होई.

आणि या केसांच्या मुळाशी एक जुना ओढा होता. ओढा म्हणजे शब्दशः ओढणं. बावीस वर्षांपूर्वी, तापीकाठच्या तिच्या माहेरी, रनाळ्याहून पाहुणे तिला पाहायला आले होते. पोहे झाले, नाव-शिक्षण झालं, आणि मग मुलाची आई, दगूबाई, उठून तिच्या मागे येऊन बसली होती. डोक्यावरचा पदर दातांत धरून त्या बाईने तिची वेणी पेडापेडाने सोडली, सगळे केस मुठीत घेतले आणि एक हिसडा दिला. "खरा शेतस का पाहू दे." बैठकीतली पुरुषमंडळी हसली. दीपमालाच्या डोळ्यांत पाणी आलं, ते दुखण्याचं नव्हतं. बैलाचे दात पाहावेत तसं आपल्याला पाहिलं, ही गोष्ट तिने लग्नानंतर कधी बोलून दाखवली नाही. पण सासूच्या प्रत्येक शब्दाला ती त्या हिसड्यावर तोलत आली होती. त्यानंतर दगूबाईने तिच्या विंचरण्यातून निघालेला एक केसही वाया जाऊ दिला नाही. बोटाभोवती गुंडाळून केलेलं गुंतवळ, त्यावर तीनदा थुंकल्यासारखं करून, ती एका कापडी पिशवीत टाकी. सून नंदुरबारला राहायला गेली तेव्हा ती पिशवीही तिच्यासोबत दिली, आणि दर सणाला आल्यावर भरलेली रनाळ्याला नेली. रनाळ्याच्या स्वयंपाकघरात मांडणीवर ओळीने चकचकणारे तांबे, वाट्या, परात पाहताना दीपमालाला वाटे, हे माझेच केस आहेत. या घराने मला असं थोडं थोडं विकून खाल्लं आहे. कॉलेजात असताना कवितांच्या वहीच्या समासात ती अशी वाक्यं लिहीत असे. आता ती नुसती मनात येत आणि तिथेच गुंता होऊन पडत.

"आज नही. पुढे चाल तू."

दगूबाई तिच्या मागे कधी येऊन उभी राहिली ते कळलं नव्हतं. ऑपरेशनपासून ती सुनेजवळच राहत होती. पंचाहत्तरीची, वाळक्या शेंगेसारखी ताठ, कपाळापर्यंत ओढलेला पदर. खालची केसवाली, रमिलाबाई, पाटी उतरवायला वाकली होती ती तशीच थांबली.

"काय वं डोकरी, मांगला साली तं तूच हाक मारी मारी बलाये. सुनना केस सरी गयात का काय?"

"आधी तुन्ही जीभ सरो. जाय सांगं ना!"

रमिलाबाई हसत पुढे गेली. तिला काय माहीत. हाक पुढच्या गल्लीत वळली, बारीक झाली, आणि दगूबाई सुनेसमोर चटईवर बसली.

"गुरुवारनी गाडी कितला वाजता शे?"

"मी नही जाई ऱ्हायनी, आत्याबाई."

हे वाक्य पहिल्यांदा मोठ्याने बोललं गेलं होतं, आणि तेही हिच्याजवळ. दीपमालालाच नवल वाटलं. कदाचित ज्या माणसाकडून आपल्याला काहीच अपेक्षा नसते, त्याच्याजवळ खरं बोलणं सोपं जात असावं.

"कसाले?"

"केस जातीन."

"मंग?"

हा एवढासा प्रश्न तिच्या अंगावर दगडासारखा आला. "हाई तुमले नही समजनार," ती म्हणाली, आणि आवाजात बावीस वर्षांपूर्वीचा हिसडा उतरला, "या वयमा बी तुमनं डोकं भरेल शे."

दगूबाई उठली. आत जाऊन तिने दाराची कडी लावली. चुडामण मंडईत गेला होता, घरात तिसरं कुणी नव्हतं, तरी लावली. परत येऊन सुनेला चटईसकट खोलीत घेतलं आणि गॅलरीचं दारही लोटलं, इतकंच की उन्हाची एक पट्टी चटईवर राहिली. मग पाठ करून बसली आणि डोक्यावरचा पदर खाली घेतला. बावीस वर्षांत दीपमालाने हे पाहिलं नव्हतं. मोठ्यांसमोर, दिरांसमोर, देवासमोर, परक्यांसमोर डोक्यावर पदर घ्यायची त्यांच्याकडची रीत; पण दगूबाईचा पदर एकटीनेही, झोपेतही ढळत नसे, आणि याला सगळे तिची मर्यादा म्हणत. सुरकुतलेली बोटं मानेमागे गेली. एक आकडा निघाला, दुसरा, तिसरा. ते तिने ओठांत धरले. मग तिने अंबाडा उचलला. अख्खा अंबाडा, पक्ष्याने सोडून दिलेल्या घरट्यासारखा, हातात आला. मागे जे उरलं ते एक लहानसं, फिकट, चमकणारं डोकं होतं; कडेने पांढऱ्या केसांची विरळ झालर, आणि मध्ये, मिरची उचलून नेल्यावरच्या मैदानासारखी, रिकामी स्वच्छ जमीन.

"धर," आकडे ओठांतून काढत ती म्हणाली, "वजन पाह्य. तुन्हाच शेतस."

गंगावन होतं. काळंभोर. दीपमालाने ते ओंजळीत घेतलं आणि तिच्या आठवणींची मांडणी एकेक भांडं सरकल्यासारखी हलू लागली. कपाळाशी पांढऱ्या बटा आणि पदराखाली मात्र कधीतरी ओझरता काळा अंबाडा. तिला वाटे, म्हातारी कलप लावते. रनाळ्याच्या न्हाणीला आतून लागणारी कडी. भाच्याच्या लग्नात चाळीस बायका एका दालनात आडव्या, आणि ही भिंतीला टेकून बसल्या बसल्या झोपलेली. सुनेने एकदा, नवी नवरी असताना, डोक्याला तेल लावू का विचारलं होतं, त्यावर आलेलं तुटक "नको". तेव्हाचा तो तुटकपणा तिने आपल्या हिशेबात धरला होता. हे सगळं समोर होतं. मोजणी करणाऱ्या बाईने बावीस वर्षं एकच बांध चुकीच्या बाजूने मोजला होता.

"चुडामण व्हयना नि माले मुदतना ताप उना," दगूबाई सांगत होती, उन्हाच्या पट्टीकडे पाहत. "सवा महिनामा बठ्ठा केस गयात. फिरी उनात ते ह्या इतलाच. चुडामणना बाप सारंगखेडानी जत्रामा बैल लेवाले गया, नि धोतरना सोगामा गंगावन बांधीसन लई उना. बैल नही लई उना." ती खुदकन हसली. "त्याले म्हाईत व्हतं. बाकी कोनलेच नही. पन ते दुसरासना केस व्हतात, माय. खाजेत. तुन्हा केस उनात नि डोकं थंड झायं."

"मंग तो तांब्या, परात..."

"उरेलवर लिधात. तुन्हा डोकावर केस काय कमी व्हतात का?"

दीपमालाला आधी तो मिरचीचा ठसका वाटला, पण ते हसू होतं, आणि हसताना डावीकडचा व्रण ताणला गेला. "म्हनिसन तुमी त्या दिवसे वढी पाह्यं?"

"वढी पाह्यं," दगूबाई शांतपणे म्हणाली. "माले वाटे, बठ्ठ्या बाया मन्हासारख्याच शेतस. बठ्ठ्या लपाडतस. तुन्हा खरा निंघनात, नि मी तठेच ठरायं, हाईच पोरगी. केससाठीच पसंद कयं तुले. तू शिकेल शे, हुशार शे, ते मांगून समजनं."

कुणी इतकं खरं बोललं की रागाला उभं राहायला जागाच उरत नाही. जो हिसडा ती अपमान म्हणून सांभाळत आली होती, त्याच्या दुसऱ्या टोकाला एक घाबरलेली बाई होती. सगळ्या जगात आपण एकट्याच उघड्या आहोत की काय, हे चाचपून पाहणारी. लपवणाऱ्याला सगळेच लपवतात असं वाटतं. आणि दीपमाला? तीही पाच दिवस, नाही, सहा आठवडे, तेच करत नव्हती का? तिच्या डोक्यावरून गळून गेलेलं, तिने मेलेलं मानलेलं ते सारं एका दुसऱ्या मस्तकावर जिवंत होतं, उन्हातान्हात कपाशी वेचत होतं, लग्नांत मिरवत होतं, तिच्याशीच भांडत होतं. तिने हात पुढे केला. त्या लहानशा डोक्यावर तळवा टेकवला. ते ऊबदार होतं. एवढंच. त्यात भिण्यासारखं काही सापडलं नाही. बाळाच्या टाळूसारखं ते तळव्याखाली शांत राहिलं.

"तुन्हा तं फिरी येतीन, डॉक्टरीन सांगस," दगूबाई म्हणाली. "मन्हा नही उनात. पन मी कोठे थांबनी? शेती कयी, पोऱ्या वाढाया, तुन्हासंगे भांडनी बी. ले, हाई ठेव. आते तुले लागी."

त्या दुपारी दीपमालाने तो संदेश पुसला आणि चुडामणला म्हणाली, गुरुवारची तिकिटं तीन काढ. तिसरं कुणाचं, असं त्याने विचारलं. आत्याबाईंचं, ती म्हणाली. तो बायकोकडे आणि आईकडे आळीपाळीने पाहत राहिला. या दोघी कशात तरी एकत्र आहेत, हे दृश्य त्याच्या ओळखीचं नव्हतं.

बुधवारी दुपारी चुडामण शाळेत शिकवायला गेल्यावर तिने वेणी घट्ट घातली, दोन्ही टोकांना दोरा बांधला, आणि नकाशाचे कागद कापायची लांब पात्यांची कात्री सासूच्या हातात दिली. केस आपोआप गळण्याची वाट पाहायची नाही, एवढं ठरलं होतं. कात्री चालताना कानापाशी वाळलेल्या गवतासारखा आवाज होत राहिला. कितीतरी वेळ, कारण म्हातारीच्या बोटांत जोर नव्हता आणि वेणीत होता. मग मान एकाएकी हलकी झाली, इतकी की ती पुढे झुकली. वेणी चटईवर पडली होती, तिची आणि तरी तिची नव्हे.

"तुमले नवं गंगावन करी लेवूत," दीपमाला म्हणाली.

"नको. मन्हा डोकाले आते वझं नको." दगूबाईने कात्री खाली ठेवली. "केसवालीले बलाव."

रमिलाबाई शेजारच्याच गल्लीत होती. पायऱ्या चढून वर आली, वेणी पाहून तिचे डोळे लकाकले, आणि सौदा सुरू झाला. तिने एक पातेलं काढलं. दगूबाईने ते पायाने बाजूला सारलं.

"डबा दे. तीन पुडना, कडीना."

"डबा नही बसत माय. वेनी चांगली शे, पन डबा नही बसत."

"आख्खी वेनीच दी टाकस का, आसं कोन म्हने रविवारे? तूच ना? मंग आख्खा डबाच दे."

रमिलाबाई हसली, आणि हसता हसता तिची नजर दीपमालाकडे गेली. मानेपाशी वेडेवाकडे कापलेले केस, साडीच्या पदराखाली एका बाजूला सपाट पडलेला ब्लाउज, खिडकीत ठेवलेल्या औषधांच्या बाटल्या. हसू हळूहळू मिटलं. ती पाटीवर वाकली, तीन पुडांचा डबा काढून ठेवला. क्षणभराने एक वाटीही त्यावर ठेवली.

"हाई वरथून. नवा केस उनात म्हनजे पहिला माले देजो. दुसरी कोनले नही."

"तू कितला साल थांबशी?" दगूबाईने विचारलं.

"थांबसू ना. माले कोठे जानं शे?"

संध्याकाळी चुडामण आला आणि दारातच थबकला. चपला काढल्या, पाणी प्यायला, पुन्हा पाहिलं. शेवटी एवढंच म्हणाला, "तुन्ही मान आज दिसनी माले." आणि जणू काही वावगं बोलून गेल्यासारखा घाईने आत गेला. त्या मानेवर रात्रभर हवेचा एक गार हात फिरत होता. दीपमालाला झोप लागली.

गुरुवारी सकाळची गाडी नवापूर सोडून डोंगरांत शिरली तेव्हा ऊन नुकतं सागाच्या शेंड्यांवर आलं होतं. चुडामण समोरच्या बाकावर इस्पितळाची फाइल मांडीवर धरून बसला होता. तीत सहा तारखा होत्या, आणि आज पहिली. भीती गेली नव्हती. ती शेजारी बसली होती, पण आता प्रवासातल्या अनोळखी माणसासारखी, ज्याला थोडं सरका म्हणता येतं. खिडकीतून वारा येत होता, सासू-सुनेच्या मधे तीन पुडांचा नवा डबा होता. दगूबाईने पदर कपाळापर्यंत ओढलेला होता, नेहमीसारखाच. फक्त मानेमागे, जिथे बावीस वर्षं एक उंचवटा असे, तिथे पदर आज सपाट होता. गाडीतल्या कुणालाही ते दिसलं नसतं. दीपमालाला दिसत होतं. गंगावन घरी, खुंटीवर होतं.

बोगद्यासारख्या एका खिंडीत वाऱ्याचा झोत आत घुसला. दगूबाईचा हात सवयीने मानेमागे गेला, अंबाडा सारखा करायला. त्याच क्षणी दीपमालाचा हात खांद्यावर गेला, वेणी मागे टाकायला. दोघींचे हात जिथे पोहोचायचे तिथे पोहोचले, आणि तिथे काहीच नव्हतं. दोघींनी ते हात तसेच हवेत ठेवून एकमेकींकडे पाहिलं. आधी म्हातारी हसली. मग दोघी, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत, बाक हलेपर्यंत.

"काय झायं?" चुडामण गोंधळून विचारत होता, "काय झायं काय?"

"काही नही," दगूबाई पदराने डोळे पुसत म्हणाली, "डबा खोल, माय. भाकर थंडी व्हयी जाई."